दुखणाईत मूल आणि शाळेतील परिचारिका

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एखादा लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा मी रक्तदाब किंवा गुडघेदुखी यांवर लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. आपल्या सभासदांची वये पाहता ते वावगेही झाले नसते. परंतु माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे बडोद्यातील एका शाळेच्या मेडिकल रूममध्ये गेली, आणि त्या खोलीत जे पाहिले त्याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. आपली संस्था दरवर्षी मुलांना शिष्यवृत्त्या देते, वह्या-पुस्तके देते. त्या मुलांपैकी काहीजण दप्तरात इन्शुलिनची कुपी किंवा दम्याचा पंप घेऊन शाळेत जातात, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून वह्यांच्या तळाशी दडवितात. म्हणून हा विषय निवडला.

जुनाट दुखणे कशास म्हणावे? गोवर, कांजिण्या, हगवण ही दुखणी पाहुण्यासारखी येतात व जातात. मधुमेह, दमा, अपस्मार, हृदयाच्या झडपांचा विकार, सिकलसेल, थॅलेसेमिया ही दुखणी घरच्या माणसासारखी मुक्कामाला राहतात. अशा मुलाला महिन्यातून एकदा डॉक्टर पाहतो, परंतु आठवड्यातील सहा दिवस, दररोज पाच-सहा तास, ते शाळेत असते. त्या तासांत त्याच्याकडे कोण पाहतो, हाच या लेखाचा विषय होय.

तपासणी आणि परिचारिका

आपणा बडोदेकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती १९०९ साली, आपल्या बडोदे शहरात. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. मुलाला शाळेत आणण्याची सक्ती सरकारने केली, तर ते मूल शिकण्याइतके धडधाकट आहे की नाही हे पाहणेही सरकारकडेच येते. एवढा पुढचा विचार त्या काळी या शहरात झाला होता. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला तेव्हा शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच असे तिला नमूद करावे लागले. त्यानंतर सरकारने श्रीमती रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमली व तिचा अहवाल १९६१ साली आला. आज सरकारी फिरती पथके शाळाशाळांतून मुले तपासतात. तपासणीची परंपरा अशी सव्वाशे वर्षांच्या जवळ आली आहे.

परंतु तपासणी आणि परिचारिका या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक समजण्यासाठी थोडे दूर, न्यूयॉर्क शहरात, जावे लागेल. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टर शाळांतून मुले तपासू लागले. खुपऱ्या, नायटे, खरूज, उवा असे काही आढळले की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवीत. हेतू चांगला, कारण संसर्ग पसरू नये. पण घरी आईला ती चिठ्ठी वाचता येत नसे. ही बहुतेक कुटुंबे परदेशांतून नुकती आलेली, भाषा निराळी. औषध कुठले आणावे, कसे लावावे, हे कुणी सांगत नसे. मूल रस्त्यावर हिंडत राही. वस्तीत सेवाकार्य करणाऱ्या लिलियन वॉल्ड या परिचारिकेला बारा वर्षांचा एक हुशार मुलगा भेटला. डोक्यावरच्या चिघळलेल्या फोडांमुळे त्याला शाळेत घेतच नव्हते. तिने त्याच्या डोक्यास मलमपट्टी करून त्याला शाळेत बसविले. पुढे १९०२ च्या ऑक्टोबरात तिने आपली सहकारी लीना रॉजर्स हिला महिनाभर प्रयोगादाखल चार शाळांना दिले. या शाळांत मिळून सुमारे दहा हजार मुले होती. लीनाबाई शाळेत मलमपट्टी करीत, मुलाला तिथल्या तिथे वर्गात परत पाठवीत, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आईला औषध कसे लावायचे ते करून दाखवीत. महिन्याभरात प्रयोग पटला व आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. १९०२ च्या सप्टेंबरात आजारामुळे शाळेतून घरी पाठविलेल्या मुलांची संख्या साडेदहा हजार होती. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात ती अकराशेवर आली.

डॉक्टरी तपासणीने वर्ग रिकामे झाले होते आणि परिचारिकेने ते पुन्हा भरले, असा याचा अर्थ. शाळेतील परिचारिका ही जखमेला आयोडीन लावण्यासाठी नेमलेली बाई नव्हे. मुलाला वर्गात टिकवून ठेवणे हे तिचे मूळ काम आहे. आज नायटे-खुपऱ्यांमुळे मुले घरी पाठविली जात नाहीत. आज ती घरी राहतात ती जुनाट दुखण्यांमुळे, आणि त्याहून अधिक त्या दुखण्यांच्या भीतीमुळे. ही भीती आईबापांच्या मनात असते, शिक्षकांच्या मनात असते, आणि सर्वांत जास्त मुख्याध्यापकांच्या मनात असते.

मुलांचा मधुमेह

एकाच दुखण्याचा नीट विचार केला तर बाकीची समजणे सोपे जाईल, म्हणून मधुमेहाचे उदाहरण घेते. आपल्या आजोबांना असतो तो मधुमेह निराळा आणि मुलांचा बहुतेक वेळा निराळा. मुलाच्या शरीरातील संरक्षक पेशीच चुकून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींचा नाश करतात. गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही आणि कारल्याच्या रसाने जात नाही. बाहेरून इन्शुलिन टोचणे एवढाच उपाय, तोही रोज, दिवसातून अनेक वेळा. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याआधी हा रोग झालेले मूल फार तर वर्ष-दोन वर्षे जगे. या मुलांच्या संख्येत भारत आज जगात अगदी पुढच्या रांगेत आहे.

इन्शुलिन टोचले की साखर उतरते, खाल्ले की चढते, धावले की पुन्हा उतरते. घरी आई हा तोल सांभाळते. शाळेत मधली सुट्टी उशिरा होते, प्रार्थना लांबते, खेळाचा तास अचानक पुढे घेतला जातो, आणि तोल जातो. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की मुलाला घाम येतो, हात कापतात, भूक लागते. कधी ते चिडते, कधी नुसते शून्यात पाहत राहते. त्या वेळी त्याला तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी. अगदी लहान मुलांना डॉक्टर याहून कमी प्रमाण ठरवून देतात. १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि ती वर आली नसेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर निजवावे, घरच्यांनी ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन देऊन ठेवले असेल तर ते शिकलेल्या माणसाने द्यावे आणि लागलीच रुग्णालय गाठावे. आणखी एक, साखर उतरलेल्या मुलाला ‘जा, सिस्टरकडे जाऊन ये’ असे म्हणून एकट्याला कधीही पाठवू नये.

हे शेवटचे वाक्य मी पुस्तकातून घेतलेले नाही. आमच्या शाळेत सहावीत एक मुलगी होती. मधुमेह तीन वर्षांपासून. तिच्या आईने जूनमध्येच डॉक्टरांचा कागद आणून दिला होता. त्यात सारे काही व्यवस्थित लिहिलेले होते. मी तो कागद वाचला, फाईलला लावला आणि फाईल कार्यालयातल्या कपाटात ठेवली. ऑगस्टमध्ये एके दिवशी गणिताच्या तासाला तिला घाम फुटला. तिने उठून डबा खाऊ का म्हणून विचारले. सरांनी सुट्टीपर्यंत थांबायला सांगितले. त्यांना काही ठाऊकच नव्हते. थोड्या वेळाने तिचे अक्षर वहीच्या रेघा सोडून भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा सरांनी तिला माझ्याकडे पाठविले, एकटीला. ती जिन्यात पडली. डोक्याला चार टाके पडले. साखर दिल्यावर अर्ध्या तासात ती नेहमीसारखी बोलू लागली, पण दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना शाळेत बोलावण्यात आले आणि ‘पुन्हा असे होणार नाही असे लिहून द्या, नाही तर दाखला घेऊन जा,’ असे सांगण्यात आले.

कोणता बाप असे लिहून देऊ शकेल? चूक शाळेची होती आणि शाळेत ती माझी होती. कागद कपाटात ठेवून मी माझे काम झाले असे समजले होते. मी मुख्याध्यापकांना सांगितले की या मुलीची जबाबदारी मी लिहून देते. मग त्या आठवड्यात तिला शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाशी वेगवेगळे बोलले. गणिताचे, चित्रकलेचे, खेळाचे आणि ग्रंथालयाचे सुद्धा. प्रत्येकाला अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली. त्यात साखर उतरल्याची खूण काय, काय द्यायचे आणि कुणाला हाक मारायची, एवढेच होते. वर्गाच्या कपाटात एक लहान डबा ठेवला. त्यात ग्लुकोजची पुडी, पाण्याची बाटली आणि बिस्किटे होती. मधल्या सुट्टीपूर्वी पाच मिनिटे ती माझ्याकडे येई, आपली साखर आपणच तपाशी, वहीत आकडा लिही आणि माझ्यासमोर इन्शुलिन टोचून घेई. आधी ती हे काम स्वच्छतागृहात जाऊन करीत असे, ही गोष्ट मला तेव्हा कळली. पुढे गणिताचे ते सरच तिचे सर्वांत दक्ष रखवालदार झाले. तिचे अक्षर रेघ सोडू लागले की तिने मागण्याआधी तेच डबा पुढे करीत. दहावीपर्यंत ती पुन्हा कधी पडली नाही. दाखल्याची भाषाही पुन्हा निघाली नाही.

साखर चढण्याचा प्रकार याच्या उलट. मुलाला सारखी तहान लागते, सारखे लघवीला जावे लागते. वर्गात वारंवार उठणारे मूल शिक्षकांना टाळाटाळ करणारे वाटते, म्हणून परवानगी नाकारली जाते. एरवी एखाद्या मुलाला थांबवून धरले तर फारसे बिघडत नाही, पण या मुलाला थांबविणे म्हणजे छळच. साखर पुष्कळ चढून पोटात दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, श्वास खोल व जलद चालू लागला, तर तो अपचनाचा प्रकार समजून ओवा देत बसू नये. जीव जाण्याचा प्रसंग तो हाच. इथे एक गोष्ट सर्व आईबापांसाठी सांगते. चांगले खाणारे मूल वाळू लागले, घटाघटा पाणी पिऊ लागले, अंथरूण ओले करणे थांबलेले असता पुन्हा करू लागले, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. बोटातून एक थेंब रक्त काढून मिनिटभरात होणारी ही तपासणी आहे. ‘परीक्षा झाल्यावर पाहू’ म्हणून थांबलेली मुले मी अतिदक्षता विभागात पाहिली आहेत.

आपल्या गावच्या दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. एक उन्हाळ्याची. बडोद्याचा एप्रिल-मे ४० अंशांच्या वर जातो आणि दप्तरातले इन्शुलिन निकामी होते, दिसायला मात्र तसेच दिसते. ते थर्मासमध्ये किंवा ओल्या कपड्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावे. बर्फाला चिकटवून ठेवू नये, कारण गोठलेलेही निकामीच. दुसरी अडचण नवरात्राची. रात्री बारापर्यंत गरबा खेळलेल्या मुलाची साखर पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी वर्गातही उतरू शकते, कारण दमलेले स्नायू तासन्‌तास साखर ओढत राहतात. गरबा खेळू नये असे मी कधी सांगितले नाही. सांगून कुणी ऐकलेही नसते. निजण्यापूर्वी साखर तपासा आणि डॉक्टरांना विचारून इन्शुलिनचे मान ठरवा, एवढेच सांगत असे. उपासाचेही तेच. आषाढात मैत्रिणींबरोबर गौरीव्रत धरण्याची हौस मुलींना असते. ते डॉक्टरांना न विचारता धरू नये.

‘कुणाला सांगू नका’

आता खरी अवघड गोष्ट. वर सांगितलेल्या मुलीची आई एके दिवशी शाळा सुटल्यावर आली. दार लोटून घेतले आणि म्हणाली, “सिस्टर, तुम्ही शिक्षकांना सांगितलेत ते ठीक, पण वर्गातल्या मुलींना कळू देऊ नका हो. चार दिवसांनी लग्नाच्या वेळी लोक नेमके हेच काढतील.” मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती.

मला राग आला नाही. आपल्या समाजात मुलीचे दुखणे कसे बोलले जाते हे मला ठाऊक आहे, आणि ती बाई उगाच भीत नव्हती. पण लपविण्याची किंमत मुलीला द्यावी लागते. लपविणारे मूल चारचौघांत साखर खात नाही, सहलीला सुई नेत नाही, वाढदिवसाचा पेढा नाकारायला कारण सुचत नाही म्हणून खाते, आणि साखर उतरू लागली तरी कुणाला हाक मारत नाही. शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण कुठल्याही परिचारिकेपेक्षा लवकर मदतीला येऊ शकते, पण तिला काही माहीत असेल तरच. उलट परिचारिकेने आईचा विश्वास मोडून वर्गात सांगून टाकले, तर दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी खोलीत पाऊल ठेवणार नाही. आम्ही असे ठरविले की शिक्षकांना माहीत राहील, वर्गाला सांगायचे की नाही हे मुलगी स्वतः ठरवील, आणि तोवर मी विचारणार नाही. आठवीत तिने आपण होऊन एका मैत्रिणीला सांगितले. आठवड्याभरात त्या मैत्रिणीला ग्लुकोमीटर कसा वाचायचा हे आमच्यापैकी पुष्कळांहून चांगले येऊ लागले. आईला मी इतकेच सांगितले की मधुमेह असलेल्या मुली नोकऱ्या करतात, लग्ने करतात, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना मुलेही होतात. तिला ते पटले की नाही, मला सांगता येणार नाही.

दमा, फेफरे आणि इतर

दम्याबद्दल लोकांना वाटते की पंपाची सवय लागते. ती लागत नाही. दम्याचे पंप दोन प्रकारचे असतात. एक रोज घरी घ्यायचा, श्वासनलिकांची सूज खाली ठेवणारा, आणि दुसरा धाप लागताच घ्यायचा. पहिला नियमाने घेतला तर दुसऱ्याची गरज क्वचित पडते. परिचारिका हजेरीवरून आणि दुसऱ्या पंपाच्या वापरावरून ओळखते की घरी पहिला पंप बंद पडला आहे. शाळेत धाप लागली तर मुलाला ताठ बसवावे, आडवे करू नये. नळकांड्यासारखा स्पेसर लावून पंपाचा एक फवारा द्यावा व त्यातून चार श्वास घ्यायला लावावे. असे एकामागून एक चार फवारे द्यावे आणि चार मिनिटे थांबून उतार नसेल तर पुन्हा चार द्यावे. त्यानेही न भागल्यास, किंवा मुलाला वाक्य पुरे बोलवेनासे झाल्यास, रुग्णालयात न्यावे आणि वाटेतही फवारे चालू ठेवावे. दम्याच्या मुलाला खेळातून कायमचे काढून टाकणे हा आमच्या शाळांचा आवडता उपाय आहे, आणि तो चुकीचा आहे. आटोक्यात असलेल्या दम्याने मूल धावू शकते. उत्तरायणात आमच्याकडे शाळा सुटली की धुळीत, उन्हात, पतंगामागे जी धावाधाव चालते तिच्यात हीच मुले पुढे असतात. मग खेळाच्या तासालाच त्यांनी झाडाखाली का बसावे?

फेफऱ्याविषयी अजून कांदा हुंगविणे, वहाण नाकाशी धरणे, दातांत चमचा घालणे हे प्रकार सुशिक्षित शाळांतूनही मी पाहिले. यांतील चमचा तर घातकच, कारण दात तुटतो किंवा श्वास अडतो. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे बटन सैल करावे आणि घड्याळ पाहावे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर गेल्यास डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा मारावा व रुग्णालय गाठावे. अपस्माराचा आणखी एक प्रकार असा आहे की त्यात मूल पडत नाही. काही सेकंद नुसते थिजते, पापण्या फडफडतात, आणि पुन्हा लिहू लागते. दिवसातून कितीतरी वेळा असे होऊ शकते. अशा मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून वर्षभर शिक्षा होत राहते. परिचारिकेने शिक्षकांना ही एक खूण सांगून ठेवली तरी एखाद्या मुलाचे वर्ष वाचते.

काही दुखणी हजेरीपुस्तकात दिसतात. सांध्यांच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलाला वर्षानुवर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. एक चुकले तरी रोग पुन्हा उलटण्याचा धोका. ते इंजेक्शन परीक्षेच्या दिवशी येऊ नये म्हणून तारीख दोन दिवस आधी घेता येते का हे डॉक्टरांना विचारायचे, आणि बुडलेल्या तासांच्या वह्या मिळवून द्यायच्या, हे मी करीत असे. आपल्या पूर्वेकडच्या छोटा उदेपूर, नर्मदा या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा विकार आढळतो, आणि तिकडची मुले शिकण्यासाठी शहराच्या वसतिगृहांत येतात. त्यांना पाणी भरपूर लागते, थंडी सोसत नाही, आणि मधूनच हाडांत असह्य दुखते. बाहेरून काहीच दिसत नसल्याने ते दुखणे ढोंग समजले जाते. या विकाराविरुद्ध राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली, त्यामुळे निदान तपासणी तरी वाढली आहे.

परिचारिका नाही तिथे

इथवर वाचून कुणी म्हणेल, ‘हे सर्व खरे, पण आमच्या मुलांच्या शाळेत परिचारिका आहे कुठे?’ आक्षेप रास्त आहे. मोठ्या फीच्या काही शाळा सोडल्या तर ती कुठेच नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि औषधे सांभाळणारा एक असतो. हे पथक रोग शोधते, पुढे पाठविते, आणि गरीब घरांना त्याचा मोठा उपयोग झाला आहे. पण वर्षातून एकदा येणारे पथक बुधवारी साडेअकरा वाजता उतरलेली साखर पाहू शकत नाही. २०२० साली प्रत्येक सरकारी शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना निघाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही मुलांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी व खाऊ नेण्याची मुभा दिली. कागदावर वाट थोडी थोडी मोकळी होत आहे. परीक्षागृहाच्या दारावर उभा असलेल्या शिपायाला मात्र हे ठाऊक नसते, म्हणून त्या मंडळाच्या शाळेतील पालकांनी तो आदेश छापून जवळ ठेवावा.

परिचारिका नसली तरी तिच्या कामाचा पुष्कळ भाग ज्याला मुलाची काळजी आहे असा कोणीही शिकलेला माणूस करू शकतो. अर्ध्या पानाची चिठ्ठी, वर्गातला डबा, अंग झाकून सुई टोचता येईल असा स्वच्छ कोपरा, वापरलेल्या सुया टाकायला झाकणाची जाड प्लास्टिकची बरणी, आणि कुणाला हाक मारायची हे ठरलेले एक नाव. यांतल्या कशालाही सरकारी मंजुरी लागत नाही. एखादी शिक्षिका दोन दिवसांत शिकते. माझ्या जागी मी अशा दोघींना तयार करून बाहेर पडले. इंजेक्शन मात्र मुलाने स्वतः किंवा शिकविलेल्या माणसानेच द्यावे. त्यात आडमुठेपणाने धाडस करू नये.

आपल्या संस्थेपुरते दोन शब्द. आपल्या समाजात निवृत्त परिचारिका थोड्या नाहीत. सयाजी रुग्णालयातून व इतर ठिकाणांहून निवृत्त झालेल्या निदान पाच-सहाजणी मला ठाऊक आहेत, आणि त्या घरी बसून कंटाळल्या आहेत. ज्या शाळांशी आपला संबंध आहे तेथे मधल्या सुट्टीचे दोन तास आळीपाळीने बसायला त्या तयार आहेत. मी विचारून पाहिले आहे. त्यांना रिक्षाभाडे द्यावे लागेल.

दुसरे असे की आपण फी देतो, पण साखर तपासण्याच्या पट्ट्या देत नाही. दिवसाला तीन-चार पट्ट्या लागतात. त्या महाग पडतात म्हणून आई दिवसातून एकदाच तपासते आणि बाकी अंदाजाने इन्शुलिन देते. फी भरलेली असते, पण मूल घरी असते. शिष्यवृत्तीच्या छापील अर्जात वडिलांचे उत्पन्न, मागील वर्षाचे गुण, भावंडांची संख्या एवढे रकाने आहेत. त्याखाली आणखी एक ओळ असावी. ‘मुलास रोज औषध किंवा इंजेक्शन लागते काय? लागत असल्यास वेगळ्या बंद पाकिटात कळवावे.’ ते पाकीट समितीपुढे उघडू नये. एकाच कुणा परिचारिका सभासदाने ते वाचावे आणि समितीला रक्कम तेवढी सांगावी, नाव सांगू नये. नाव फुटेल अशी शंका राहिली तर एकही पाकीट येणार नाही. अर्ज मे महिन्याच्या अखेरीस छापायला जातात, तेव्हा ही ओळ त्याआधीच्या बैठकीत मंजूर व्हायला हवी.